मानमोडी: कोंबड्यांची आणि माणसांची

मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या मावशीच्या सहा कोंबड्या दोन दिवसांत गेल्या. शेवटची तर माझ्यासमोरच गेली. मान पाठीकडे वळलेली, पंख लोंबकळलेले, भुईवर गोल गोल फिरत होती. "मानमोडी लागली कोंबड्याइले," मावशी म्हणाली, आणि मेलेल्या कोंबड्या खताच्या पोत्यात भरून नाल्यात टाकून आली. हात धुतले ते पदरालाच.

हाच शब्द आजी माणसांसाठी वापरायची. घरातल्या कुणाचा जन्म केव्हाचा विचारलं की उत्तर यायचं, "मानमोडीच्या दोन साल मांगचा." ही मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएन्झाची, फ्लूची साथ. जूनमध्ये ती मुंबईत दिसली, पण तेव्हा सौम्य होती. पावसाळा सरता सरता दुसरी लाट आली आणि रेल्वेच्या वाटेने आत शिरली. त्या साली पाऊसही दगा देऊन गेला होता. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा सर्वाधिक फटका बसलेल्या मुलखांपैकी एक. देशभरात सव्वा ते दोन कोटी माणसं गेली असावीत असे अंदाज आहेत. १९२१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. त्यातही गेले ते विशीतले, तिशीतले, म्हणजे वावरात राबणारे हात.

आता गंमत बघा. कोंबड्यांची मानमोडी म्हणजे राणीखेत हा रोग. त्याचा विषाणू फ्लूहून अगदी वेगळ्या कुळातला, त्यावर लसही मिळते. पण बर्ड फ्लूनेही कोंबड्या अशाच पटापट मरतात, तुरा निळा पडतो, डोकं सुजतं, कधी मानही वाकडी होते. खुराड्यापाशी उभं राहून मावशीला काय, पशुवैद्यकालाही फरक छातीठोकपणे सांगता येत नाही. तो भोपाळच्या पशुरोग प्रयोगशाळेतच पक्का कळतो.

बर्ड फ्लूची एवढी धास्ती का, हे समजायला विषाणूची रचना बघावी लागते. इन्फ्लुएन्झा-ए चा जनुकीय मजकूर आठ सुट्या तुकड्यांत असतो. जिनिंगच्या आवारात दोन गावांचा कापूस एकाच गंजीत पडला, की गाठीत कोणाचा किती गेला हे कोणी सांगू शकत नाही. तसंच एका डुकराच्या एकाच पेशीत पक्ष्यांचा आणि माणसांचा विषाणू एकदम शिरला, तर तुकड्यांची सरमिसळ होऊन तिसराच विषाणू बाहेर पडू शकतो. त्याची ओळख कुणाच्याच शरीराला नसते. १९५७ आणि १९६८ च्या साथींचे विषाणू अशाच सरमिसळीतून आले, २००९ चा स्वाइन फ्लूही.

मग पक्ष्यांचा विषाणू थेट माणसांत का पसरत नाही? विषाणूच्या अंगावर एच नावाचं प्रथिन असतं, पेशीला अडकणारी आकडीच म्हणा. पक्ष्यांच्या विषाणूची आकडी ज्या खुंटीत बसते, ती माणसाच्या नाकाघशात फारशी नाही, फुप्फुसात खोलवर आहे. म्हणून एच५एन१ हा बर्ड फ्लू माणसाला सहजी होत नाही. झालाच तर खोल न्यूमोनिया करतो. जगभरात नोंद झालेल्या रुग्णांपैकी जवळपास निम्मे दगावले आहेत. पण खोकल्यातून तो एकाकडून दुसऱ्याकडे सहज जात नाही. ही आकडी बदलली तर मात्र गणितच बदलेल.

आणि हे आपल्यापासून लांब नाही. एच९एन२ या पक्ष्यांच्या विषाणूची भारतातली माणसातली पहिली नोंद २०१९ मध्ये मेळघाटातून झाली. एका सतरा महिन्यांच्या मुलाचा नमुना पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत तपासला तेव्हा तो विषाणू सापडला. मूल बरं झालं. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा प्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मेला. निदान एच५एन१.

गावात खरी अडचण वेगळीच आहे. मेलेल्या कोंबड्यांची खबर दिली की पथक येणार आणि साथ निघालीच तर किलोमीटरभरातल्या कोंबड्या मारणार, ही भीती. भरपाई मिळते, पण मिळते ती पथकाने मारलेल्या पक्ष्यांची, आधीच मेलेल्यांची नाही. म्हणजे लवकर सांगणाऱ्याचाच फायदा. पण दवंडीत हे कोणी सांगत नाही, "चिकन खाऊ नका" एवढीच अफवा फिरते. खरं तर रस्सा रटरटून शिजला की विषाणू उरत नाही. ७० अंशांना तो मरतो. धोका कापताना, पिसं काढताना आणि मेलेला पक्षी उघड्या हातांनी उचलताना.

माणसांच्या बाबतीत मला आमच्याकडच्या सलाईनच्या हौसेची चीड येते. ताप आला की सुई, अंग दुखलं की बाटली. सलाईनने फ्लूचा विषाणू मरत नाही, अँटिबायोटिकनेही नाही. ओसेल्टामिवीर ही गोळी उपयोगी पडते, आणि पहिल्या ४८ तासांत सुरू झाली तर सर्वांत जास्त. दम लागला, ओठ निळसर दिसले, बाई गरोदर असली, तर घरगुती काढ्यात दिवस घालवू नये, सरळ आरोग्य केंद्र गाठावं. लस दरवर्षी बदलते, कारण विषाणू स्वतःची नक्कल करताना सारख्या चुका करतो आणि त्याचं रूप पालटत जातं. म्हाताऱ्यांनी, मधुमेहींनी ती दरवर्षी घेतलेली बरी.

मावशीला मी १९६२ हा पशुसंवर्धनाचा नंबर भिंतीवर कोळशाने लिहून दिला. तिने नव्या चार तलंगा बाजारातून आणल्या आहेत. त्या पंधरा दिवस वेगळ्या, डालीखाली, कोठ्याच्या दुसऱ्या टोकाला. "इतले दिवस काऊन?" तिने विचारलं. सांगितलं, रोग असला तर तेवढ्यात दिसेल. "अन् नाई दिसला तं?" मग जुन्यांत सोड, म्हटलं. ती हसली, आणि दाणे टाकायला आधी जुन्यांकडे गेली, नव्यांकडे नंतर. हे मात्र तिला कोणी शिकवलं नव्हतं.