घडवंची की शिंकं? स्पीकरचा स्टँड आणि सामानाचा रॅक

जुन्या कोकणी स्वयंपाकघरात भांडी ठेवायच्या दोन जागा असत आणि त्यांची कधी कुणी गल्लत केली नाही. पाण्याने भरलेले हंडे-कळशा घडवंचीवर. दूध, लोणी, विरजण शिंक्यावर. घडवंचीचं काम भार पेलायचं आणि अजिबात न हलायचं. शिंक्याचं काम उलटं: खालच्या जमिनीशी, मांजराशी, मुंग्यांशी संबंधच ठेवायचा नाही. लोण्याचा गोळा घडवंचीवर आणि भरलेला हंडा शिंक्यात ठेवणारी सून त्या घरात फार दिवस शहाणी म्हणवली गेली नसती.

गाणं ऐकायच्या सामानाच्या बाबतीत मात्र आपण हेच करतो. स्पीकरखालचा स्टँड आणि अॅम्प्लिफायर (आवाज मोठा करणारा डबा), टर्नटेबल (रेकॉर्ड फिरवणारं यंत्र) वगैरे ठेवायचा रॅक, दोन्हीला पाय असतात, दोन्हीवर फळी असते. म्हणून दोन्ही म्हणजे ‘सामान ठेवायचं टेबल’ असं आपण धरून चालतो. मीही तेच धरलं होतं. मालवणजवळच्या आमच्या घरी एका गणपतीत चुलतभावाने मुंबईहून टर्नटेबल, अॅम्प्लिफायर आणि दोन छोटे स्पीकर आणले. माडीवर आजोबांचं सागवानी कपाट होतं, कमरेएवढं, चांगलं भक्कम. सगळं त्याच्यावर मांडलं. आवाज हळू होता तोवर ठीक होतं. भजनाची रेकॉर्ड लावून जरा मोठा केला, तर खालून कुणीतरी घुमायला लागल्यासारखा ‘घूं’ आवाज सुरू झाला आणि वाढतच गेला. आवाज कमी केला की तो थांबायचा. दुकानदार फोनवर म्हणाला, कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेला तो छोटा तुकडा, गेलंय. नवं आणलं, बसवलं. ‘घूं’ तसाच.

बिघाड कशातच नव्हता. आम्ही हंडा आणि लोणी एकाच घडवंचीवर ठेवलं होतं.

स्पीकर हलणारी वस्तू आहे. त्यातला शंकू पुढे ढकलला गेला की पेटीला मागे धक्का बसतो. शंकू काही ग्रॅमचा आणि पेटी पाच-सहा किलोची, म्हणून पेटीचं हलणं डोळ्याला दिसत नाही, पण बोट लावून बघा, खर्जाला कळतं. टर्नटेबलचं उलट. तिथे सुई एका खाचेतून फिरते. त्या खाचेची रुंदी साधारण 50 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), केसाहूनही कमी, आणि खाचेतल्या ज्या नागमोडीतून गाणं निघतं ती तर त्याच्याही आतली. सुईला एवढंच कळतं की आपण आणि रेकॉर्ड एकमेकांच्या तुलनेत हललो. ते खाचेमुळे झालं की खालचं कपाट थरथरलं म्हणून, हे तिला कळायला मार्ग नाही. मग स्पीकर कपाटाला हलवतो, कपाट रेकॉर्डला, रेकॉर्ड सुईला, सुई अॅम्प्लिफायरमार्फत परत स्पीकरला. भजनी मंडळाच्या माइकसमोर भोंगा आला की जी शिटी वाजते तीच ही गोष्ट, फक्त खर्जात.

तेव्हा पहिला फरक हा. स्टँडवर आवाज करणारी वस्तू असते, रॅकवर (निदान टर्नटेबल असेल तर) ऐकणारी. एकाला घट्ट धरायचं, दुसऱ्याला घरापासून तोडायचं. स्पीकर रॅकवर चढवायचेच नाहीत, अगदी दोन टोकांना ठेवूनही नाही. आमच्या सुतारकाकांना हे पटवायला मला दोन चहा लागले. ‘दोन टेबलां कित्याक? एकच मोठा करतंय, सगळा मावतला,’ असं त्यांचं म्हणणं होतं आणि लाकडाच्या हिशेबात ते बरोबरही होतं.

आता स्टँड. त्याची उंची कुठल्या पुस्तकातून घेऊ नका, स्वतःच्या कानावरून घ्या. स्पीकरमधला वरचा छोटा भोंगा, ट्वीटर, बसल्यावर कानाच्या पातळीत आला पाहिजे, कारण बारीक, तीव्र स्वर सरळ रेषेत जातात, वरखाली फारसे पसरत नाहीत. बाजारात मिळणारे बहुतेक स्टँड 60 सेंटीमीटरच्या आसपास असतात. सोफ्यावर बसणाऱ्यांचा हिशेब धरलेला असतो, जिथे कान जमिनीपासून 90 ते 100 सेंटीमीटरवर येतो. पण आमच्याकडे गाणं ऐकायचं म्हणजे चटईवर मांडी घालून, पाठ भिंतीला टेकून. तिथे माझा कान 75 सेंटीमीटरवर भरला. स्पीकरचा ट्वीटर त्याच्या तळापासून 22 सेंटीमीटरवर. राहिले 53. सुतारकाकांनी 53 चेच स्टँड केले आणि तयार घेतलेल्या स्टँडपेक्षा ते कितीतरी चांगले वाजतात. त्यात कारागिरी काकांची, पण निम्मं श्रेय मोजपट्टीचं.

दुसरी गोष्ट वजन. पोकळ लोखंडी पाइपाचा स्टँड असेल तर त्यावर टिचकी मारा. घंटेसारखा वाजला तर त्यात वाळू भरावी लागेल. वाळूचे कण एकमेकांवर घासून ती थरथर जिरवतात आणि स्टँड जडही होतो. इथे किनाऱ्यावरच्या माणसाला एक सावधगिरी सांगायलाच हवी: समुद्राची वाळू नको. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं आणि पाइप आतून गंजायला लागतो, तेही कळतं दोन पावसाळ्यांनंतर, तळाशी तांबूस डाग उमटल्यावर. नदीची वाळू घ्यायची, चार पाण्यांनी धुवायची आणि कढईत भाजून कोरडी करायची. मी भाजत होतो तेव्हा शेजारच्या पोराने येऊन फुटाणे मागितले.

स्टँडच्या पायांना टोकदार खिळे असतात, त्यांना स्पाइक म्हणतात. त्यांच्याबद्दल एक गोड गैरसमज पसरलेला आहे की ते थरथर खाली जाऊ देतात आणि वर येऊ देत नाहीत. असं एकतर्फी दार कुठल्याही खिळ्यात नसतं. टोकाचा उपयोग साधा आहे: भार थोड्या जागेत येतो, पाय रुततो, स्टँड डुलत नाही. गालिच्यातून खालच्या पक्क्या जमिनीवर पकड मिळवायला स्पाइक उत्तम. पण 20 किलोचा भार चार टोकांवर म्हणजे प्रत्येक टोकावर 5 किलो, आणि तेही मिलिमीटरभर जागेत. लादीला टवका जाईल. म्हणून खाली धातूची छोटी वाटी किंवा एखादं नाणं ठेवायचं. कपाटाच्या पायाखाली मुंग्यांसाठी पाण्याच्या वाट्या ठेवायची पद्धत ज्यांनी पाहिली आहे ते हमखास फसतात. काकीने विचारलंच, स्पीकरला पण मुंग्या लागतात का रे? शेणाने सारवलेल्या जमिनीवर स्पाइक म्हणजे सरळ खड्डा. तिथे कडप्प्याचा चौकोनी तुकडा घालून त्यावर स्टँड ठेवा. आणि माडीच्या तक्तपोशीवर, म्हणजे लाकडी फळ्यांवर, स्पाइक नकोतच, कारण ती जमीन नाही, तो ढोल आहे. तिथे स्पीकरखाली मऊ रबर बरं. स्टँडच्या बाबतीतला हा एकच अपवाद मी मानतो.

रॅककडे वळू. इथे गंमत अशी की रॅकवरचं बहुतेक सामान बिनतक्रार असतं. सीडी प्लेअर, मोबाइलवरून गाणं घेणारा डबा, यांना खाली काय आहे याने जवळजवळ काहीच फरक पडत नाही. त्यांच्याखाली महागडे पाय बसवणाऱ्यांशी मी भांडत नाही, पण ते पैसे मी रेकॉर्डवर घालेन. अॅम्प्लिफायरला हवा लागते. जुन्या पद्धतीचा, तापणारा असेल तर वर 10-15 सेंटीमीटर मोकळी जागा आणि मागची बाजू उघडी. दारांचं बंद शोकेस आमच्या दमट हवेत अॅम्प्लिफायरची भट्टी आणि रेकॉर्डच्या खोक्यांवर बुरशी दोन्ही एकदम करून दाखवतं. शिवाय अॅम्प्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरजवळ कार्ट्रिज आलं तर गुणगुण ऐकू येते, म्हणून अॅम्प्लिफायर सगळ्यात खाली, टर्नटेबल सगळ्यात वर.

खरा प्रश्न टर्नटेबलचाच. त्याला शिंकं हवं, पण शिंक्यालाही हिशेब असतो. कुठलीही मऊ गोष्ट, स्प्रिंग असो वा रबर, सगळीच थरथर अडवत नाही. तिची स्वतःची एक डुलण्याची गती असते. त्या गतीच्या साधारण दीडपटीच्या वरची थरथर ती अडवते, खालची जशीच्या तशी वर पाठवते आणि नेमक्या त्या गतीची थरथर तर वाढवूनच देते. ही गती कळायला यंत्र लागत नाही. वजन ठेवल्यावर स्प्रिंग किती मिलिमीटर दबली ते बघा: 1 मिलिमीटर दबली तर गती सुमारे 16 हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला 16 वेळा), 10 मिलिमीटर दबली तर 5 हर्ट्झ. रबराची याहून थोडी जास्तच येते. म्हणजे टर्नटेबलखाली चार जाड रबरी बुचं ठेवली आणि ती जराही दबली नाहीत, तर ती शिंकं नाहीत, घडवंचीच आहेत, रंग काळा एवढंच. सुई आणि तिचा दांडा मिळून स्वतःही 8 ते 12 हर्ट्झच्या आसपास डुलतात (तसे ते असावेत अशीच रचना असते), म्हणून खालची गती त्याच्या बरीच खाली, चार-पाच हर्ट्झला नेलेली बरी.

सगळ्यात स्वस्त शिंकं मी केलं ते लहान मुलाच्या सायकलच्या ट्यूबचं. जेमतेम हवा भरायची, वर जाड प्लायची फळी, त्यावर टर्नटेबल. ‘घूं’ तिथेच बंद झाला. दर पंधरा दिवसांनी हवा बघावी लागते आणि पाहुण्यांसमोर लपवावं लागतं, एवढाच त्रास. खरोखरीचं शिंकं, म्हणजे दोरीने टांगणं, मात्र करू नका. मीटरभर लांब दोरीचा झोका दोन सेकंदांत एक फेरी घेतो. मिनिटाला 33⅓ फेऱ्यांची रेकॉर्ड 1.8 सेकंदांत एक. दोन्ही इतके जवळ की फिरणारी तबकडी किंचित जरी असमतोल असली तरी ती झोका देत राहते.

काही टर्नटेबलांच्या पोटातच स्प्रिंगा असतात, जुन्या थॉरेन्सच्या टीडी 160 सारख्या. त्यांच्याखाली आणखी मऊ काही घातलं तर शिंक्यात शिंकं होतं आणि दोन्ही एकमेकांना झुलवतात. तसल्यांना हलका पण ताठ रॅक चालतो. ज्यांच्या पोटात स्प्रिंगा नाहीत त्यांना ट्यूब, स्प्रिंगचे पाय किंवा तत्सम काहीतरी द्यावं.

माडीवर मात्र यातलं काहीच पुरं पडत नाही. कुणी जिना चढून आलं की तक्तपोशी सेकंदाला दोन-चार वेळा वरखाली होते, आणि ती गती कुठल्याही घरगुती स्प्रिंगच्या खालची असते. पोरं नाचली की सुई उडायचीच. तिथे उपाय भिंतीचा: टर्नटेबलपुरती फळी भिंतीत बसवायची, कारण भिंत पावलांनी उडत नाही. आमच्या चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भिंती जाड, त्यामुळे या कामाला एक नंबर. पण चिरा सच्छिद्र असतो. साधा फुगणारा बोल्ट त्यात आज घट्ट वाटतो, आणि पावसाळाभर ओल खाल्ल्यावर भोवतीचा चिरा भुसभुशीत होऊन बाहेर येतो, टर्नटेबलसकट. खोल भोक पाडून सिमेंट किंवा रासायनिक मसाल्यात सळी बसवावी.

लाकडाचं सांगायचं तर एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी, आमच्या हवेत दोन पावसाळ्यांत कडेने फुगतं. प्लाय घ्यायचं तर त्यावर आयएस 710 हा भारतीय मानकाचा क्रमांक छापलेलं, म्हणजे पाण्याला टिकणारं मरीन. आयएस 303 मधलं साधं एमआर, म्हणजे फक्त ओलावा सोसणारं, नको. काकांनी फणसाचं लाकूड काढलं, पोटमाळ्यावर पंधरा वर्षं पडलेलं, हळदीसारखं पिवळं. काचेची फळी लावू का असं कुणीतरी सुचवलं होतं. काच आणि कडप्पा दोन्ही टिचकीला वाजतात, फणस ‘ठक’ म्हणतो आणि गप्प बसतो. लोखंडी भागांना पावडर कोटिंग हवं आणि कापलेली टोकंही रंगवलेली हवीत, गंज तिथूनच शिरतो. स्टेनलेस स्टील म्हणून दिलेला 304 क्रमांकाचा प्रकार सुद्धा खाऱ्या वाऱ्यात चहाच्या डागांसारखा तांबूस होतो; 316 टिकतो, पण महाग पडतो.

आपलं कुठे चुकतंय हे बघायचं असेल तर रेकॉर्ड न फिरवता सुई तिच्यावर टेकवा, आवाज नेहमीच्या निम्म्यावर ठेवा आणि रॅकवर बोटाच्या पेराने हलकेच ठोका. स्पीकरमधून ‘धब्ब’ आला तर लोणी अजून घडवंचीवर आहे. आमच्याकडे कपाटावर तो ‘धब्ब’ खालच्या ओटीपर्यंत ऐकू गेला होता. भिंतीतल्या फळीवर, ट्यूबसकट, मला कान स्पीकरला लावावा लागला.

काका जाताना पाणसळ फळीवर ठेवून बुडबुडा मधोमध आणून गेले. म्हणाले, आता बघू नको, दिवाळीला बघ. पावसात फणस फुगतो, मग परत बसतो. दिवाळीला बुडबुडा अर्ध्या रेषेने सरकला होता. फळी पेलणाऱ्या एका ब्रॅकेटवर, फळीखाली, पोस्टकार्डाचा तुकडा सारला.