इराणी सिनेमात एवढी लहान मुलं का असतात?

बाहेरच्या देशांतले चांगले सिनेमे सुचवा म्हटलं की यादीत एकतरी इराणी नाव असतंच, बहुतेक वेळा माजिद मजिदींचा ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’. आणि तो बघून झाला, अजून दोनचार बघितले, की हमखास प्रश्न येतो, यांच्याकडे एवढी लहान मुलं का? बुटांचा एक जोड, एक वही, एक सोनेरी मासा, एवढ्यावर अख्खा पिक्चर. ठरलेलं उत्तर असं की १९७९ च्या इस्लामी क्रांतीनंतर सेन्सॉर कडक झालं, पडद्यावर पुरुष आणि बाई एकमेकांना हात लावू शकत नाहीत, घरातल्या सीनमध्येसुद्धा बाईच्या डोक्यावर स्कार्फ पाहिजे, म्हणून दिग्दर्शक मुलांकडे वळले. हे खोटं नाही पण अर्धंच आहे, आणि सगळं श्रेय बंदीला देणं मला त्या लोकांवर अन्याय वाटतो. मुळं बरीच आधीची आहेत.

खरं तर पहिला फारसी बोलपट आपल्या मुंबईत बनला. ‘आलम आरा’ काढणाऱ्या अर्देशिर इराणींच्या इम्पीरियल कंपनीत, १९३३ साली, ‘दोख्तर-ए-लोर’, म्हणजे लोर जमातीची मुलगी. लेखक आणि हिरो अब्दुलहुसेन सेपंता. तेव्हा इराणी सिनेमाशी आपलं नातं जुनं आहे.

नंतर बरीच वर्षं तिकडे नाचगाणी-मारामारीचाच सिनेमा जोरात होता. मग १९६९ मध्ये दारियुश मेहरजुईंचा ‘गाव’ आला, फारसीत गाव म्हणजे गाय. खेड्यातल्या एका माणसाची एकुलती एक गाय तो बाहेरगावी असताना मरते, गावकरी ती पळून गेली असं त्याला सांगतात, आणि तो हळूहळू स्वतःलाच गाय समजायला लागतो. पैसे शहाच्या, म्हणजे क्रांतीआधीच्या राजाच्या, सरकारनेच दिलेले, पण देशातली गरिबी दिसते म्हणून सरकारनेच अडवला, शेवटी १९७१ ला प्रिंट गुपचूप व्हेनिसच्या फिल्म फेस्टिवलला गेली आणि तिथे समीक्षकांनी डोक्यावर घेतलं.

पण मुलांच्या प्रश्नाचं खरं उत्तर आहे कानून. आपल्या कायदा-कानूनमधलं नाही, मुलांच्या बौद्धिक विकासासाठी १९६५ मध्ये निघालेली संस्था, सगळे तिला कानून म्हणतात. आधी लायब्ररी, पुस्तकं, मग सिनेमा विभाग, आणि तो उभा करणाऱ्यांत दिग्दर्शक अब्बास कियारोस्तामी. त्यांची पहिली शॉर्ट फिल्म १९७० ची ‘ब्रेड अँड अ‍ॅली’. एक मुलगा रोटी घेऊन घरी चाललाय, गल्लीत कुत्रा आडवा येतो, मुलगा घाबरून थांबतो, एक म्हातारा येतो तर त्याच्या मागे मागे निघतो, म्हातारा मध्येच दुसरीकडे वळतो, शेवटी मुलगा रोटीचा तुकडा टाकतो आणि कुत्रा शेपूट हलवत घरापर्यंत सोबत. बस, दहा-अकरा मिनिटं. क्रांतीला अजून नऊ वर्षं होती आणि पुढचं सगळं यात आहे.

क्रांतीच्या काळात थिएटरं जळाली, १९७८ मध्ये आबादानच्या सिनेमा रेक्सच्या आगीत चारशेच्या वर माणसं गेली. पण कानून टिकलं. अमीर नादेरींचा ‘द रनर’ तिथलाच, बहराम बैझाईंचा ‘बाशू’ तिथलाच (इराण-इराक युद्धातून पळालेलं पोर आणि त्याला घरात घेणारी बाई, दोघांना एकमेकांची भाषा कळत नाही, हा चुकवू नका), आणि कियारोस्तामींचा १९८७ चा ‘खाने-ये दूस्त कोजास्त’ पण, म्हणजे दोस्ताचं घर कुठेय. मित्राची वही चुकून आपल्या दप्तरात आलीये, उद्या वही नसली तर मास्तर त्याला शाळेतून काढणार, आणि आई अंगणात कपडे धूत ‘आधी अभ्यास कर’ एवढंच म्हणतेय, पोरगं परत परत सांगतंय आणि तिला ऐकूच येत नाहीये. तो टेकडीवरचा नागमोडी रस्ता सगळ्यांना आठवतो, मला ते अंगण आठवतं.

पुढचं बहुतेकांना माहीत असतं. १९९५ ला जाफर पनाहींच्या ‘द व्हाइट बलून’ला फ्रान्सच्या कान फेस्टिवलमध्ये पहिल्या सिनेमासाठीचा कॅमेरा दॉर, पटकथा कियारोस्तामींची. १९९७ ला कियारोस्तामींच्याच ‘टेस्ट ऑफ चेरी’ला पाम दॉर, म्हणजे कानचं सगळ्यात मोठं बक्षीस. नंतर असगर फरहादींचं ‘अ सेपरेशन’, ऑस्कर, तिथे गोष्ट नवराबायकोची पण सगळ्यात जास्त भोगते ती मुलगीच.

पनाहींना २०१० मध्ये वीस वर्षं सिनेमा करायला बंदी घातली, तरी ते करत राहिले, २०२५ ला त्यांनाही पाम दॉर मिळालं. मधला ‘टॅक्सी’ तर गाडीतच केला, स्वतः ड्रायव्हर होऊन. त्यात त्यांची शाळकरी भाची गाडीत बसते, तिला शाळेसाठी एक फिल्म करायचीये, आणि फिल्ममध्ये काय दाखवायचं नाही याचे बाईंनी दिलेले नियम ती मामाला वहीतून वाचून दाखवते. २०१५ ला बर्लिन फेस्टिवलमध्ये त्या सिनेमाला तिथलं सर्वोच्च बक्षीस, गोल्डन बेअर, मिळालं, पनाहींना तेव्हा देशाबाहेर जायला मनाई होती, म्हणून स्टेजवर बक्षीस घ्यायला तीच गेली आणि रडायला लागली.