‘९० टक्के अचूक’ चाचणी पॉझिटिव्ह, म्हणजे ९० टक्के आजार? नाही!

सोलापुरात विडी घरकुलात (विडी कामगारांच्या वसाहतीत) किंवा कारखान्यात आरोग्य शिबिर झालं की एक गैरसमज हमखास कानावर येतो: चाचणी ९० टक्के अचूक, म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्याला आजार असण्याची शक्यताही ९० टक्के. हे साफ चूक आहे, आणि यापायी घरंच्या घरं हादरतात.

हिशेब मांडून बघा. समजा शिबिरात १००० जण आले, त्यांतल्या १० जणांना आजार आहे. चाचणी त्यांपैकी ९ पकडते. निरोगी ९९० पैकी ९० टक्क्यांना ती बरोबर निगेटिव्ह ठरवते, पण उरलेल्या ९९ जणांना उगाच पॉझिटिव्ह सांगते. एकूण पॉझिटिव्ह १०८, खरे आजारी ९. म्हणजे बारांत एक! हीच चाचणी निम्मे लोक खरोखर आजारी असलेल्या गटावर वापरली, तर दहातले नऊ पॉझिटिव्ह खरे निघतील. चाचणी बदलली नाही, समोरची माणसं बदलली.

म्हणून पॉझिटिव्ह म्हणजे निदान नव्हे, पुढच्या तपासणीचं बोलावणं. बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाच्या सहभागाने शेजारच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा मोठा अभ्यास झाला. त्यातही पॉझिटिव्ह आलेल्या बायकांची आधी दुर्बिणीने तपासणी आणि गरजेप्रमाणे बायोप्सी झाली, मगच निदान.

आणि निगेटिव्ह आलेल्यांनो, वरच्या हिशेबात एक आजारी सुटलाच आहे. उदाहरणार्थ, तोंडाच्या कर्करोगाची चाचणी निगेटिव्ह आली, पण तोंडातला व्रण तीन आठवड्यांत भरला नाही, तर रिपोर्ट काहीही असो, सिव्हिलला जाऊन दाखवाच.