संतुलित व असंतुलित बले

एखाद्या वस्तूवर एकाच वेळी लागू असलेल्या सर्व बलांची सदिश बेरीज शून्य येत असेल, तर ती बले संतुलित असतात. शून्य येत नसेल, तर असंतुलित. या बेरजेला परिणामी किंवा निव्वळ बल म्हणतात. बेरीज करताना बलाच्या परिमाणाबरोबर त्याची दिशाही धरावी लागते. ३० न्यूटनची दोन बले एकाच दिशेने लागली तर परिणामी बल ६० न्यूटन, विरुद्ध दिशांनी लागली तर शून्य आणि एकमेकांशी काटकोनात लागली तर सुमारे ४२ न्यूटन असते.

बले संतुलित असताना वस्तूचा वेग बदलत नाही. ‘वस्तू हलत नाही’ असा याचा अर्थ सर्रास घेतला जातो, पण तो चुकीचा आहे. थांबलेली वस्तू थांबलेलीच राहते, हे खरे. मात्र चालती वस्तू त्याच चालीने, त्याच दिशेत, सरळ रेषेत चालत राहते. ठरावीक चालीने वर जाणाऱ्या लिफ्टचे वजन आणि तिला ओढणाऱ्या दोराचा ताण, इतर विरोध नगण्य धरल्यास, अगदी सारखे असतात. ताण वजनापेक्षा जास्त लागतो तो फक्त लिफ्ट सुटताना, चाल वाढत असेपर्यंत.

हे पटायला जड जाते, कारण रोजचा अनुभव उलटेच सांगतो. ढकलणे थांबवले की खोके थांबते. गती टिकवण्यासाठी बल लागतेच, असे अ‍ॅरिस्टॉटलचे मत होते आणि ते शतकानुशतके टिकले. गॅलिलिओने (१५६४–१६४२) उतरणींवर चेंडू सोडून पाहिले. एका उतरणीवरून घरंगळलेला चेंडू समोरच्या चढावर जवळपास पहिल्याच उंचीपर्यंत पोचतो. चढ सौम्य केला, तर तेवढी उंची गाठायला तो आणखी लांब जातो. मग चढ पुरता सपाट केला आणि घर्षण नसले, तर चेंडू थांबेल कशाला? या प्रश्नातून जडत्वाची, म्हणजे असंतुलित बल लागेपर्यंत वस्तू आपला वेग बदलत नाही ही, कल्पना पुढे आली. न्यूटनने १६८७ साली ती गतीचा पहिला नियम म्हणून मांडली. खोके थांबते ते बल संपल्यामुळे नव्हे, तर घर्षणाचे बल एकटेच उरल्यामुळे, म्हणजे बले असंतुलित झाल्यामुळे.

समजा, २० कि.ग्रॅ. वस्तुमानाचे खोके जमिनीवर सरकत असून घर्षण ६० न्यूटन आहे. ६० न्यूटन बलाने ढकलत राहिल्यास ते एकसमान वेगाने सरकेल. जोर १०० न्यूटन केला तर परिणामी बल ४० न्यूटन होईल आणि न्यूटनच्या दुसऱ्या नियमानुसार (बल = वस्तुमान × त्वरण) त्वरण, म्हणजे वेग बदलण्याचा दर, २ मीटर प्रति सेकंद वर्ग येईल. हात काढला तर तेच घर्षण ३ मीटर प्रति सेकंद वर्ग या दराने वेग कमी करील.

परिणामी बलाची दिशा ही गतीची दिशा असतेच असे नाही. ती त्वरणाची दिशा असते. विमानातून उडी घेतलेल्या माणसाचा वेग वाढत जातो, तसा हवेचा विरोधही वाढतो. पोटावर आडवे राहून पडताना ताशी सुमारे २०० किमी. वेगाला विरोध वजनाइतका होतो आणि वेग वाढायचा थांबतो. याला अंतिम वेग म्हणतात. हवाईछत्री उघडताच विरोध वजनापेक्षा कितीतरी जास्त होतो. आता परिणामी बल वरच्या दिशेने आहे, तरी माणूस खालीच येत राहतो, फक्त मंदावत. वर फेकलेला चेंडू सर्वोच्च बिंदूवर क्षणभर थांबतो तेव्हाही त्याच्यावरील बले संतुलित नसतात. गुरुत्वाकर्षण तेव्हाही त्याला खाली ओढतच असते.

चाल न बदलता केवळ दिशा बदलणे हाही असंतुलित बलाचाच परिणाम. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक सुमारे ४०० किमी. उंचीवरून पृथ्वीभोवती फिरते. तेथे गुरुत्वाकर्षण नाही हा समज चुकीचा आहे; ते भूपृष्ठावरील मूल्याच्या जवळपास ९० टक्के असते. त्याला तोलणारे दुसरे बल नसल्यामुळेच स्थानकाचा मार्ग सतत पृथ्वीकडे वळतो.

संतुलित बलांची गल्लत क्रिया-प्रतिक्रियेशी, म्हणजे दोन वस्तू एकमेकींवर लावतात त्या समान व विरुद्ध बलांशी, फार होते. टेबलावरील पुस्तकाचे वजन आणि टेबलाचा वरच्या दिशेचा आधार ही दोन्ही बले पुस्तकावरच लागतात, म्हणून ती एकमेकांना तोलतात. पण ती क्रिया-प्रतिक्रियेची जोडी नव्हे. पृथ्वी पुस्तकाला ओढते, याची प्रतिक्रिया म्हणजे पुस्तक पृथ्वीला ओढते. अशा जोडीतील बले वेगवेगळ्या वस्तूंवर लागत असल्याने ती कधीच एकमेकांना रद्द करीत नाहीत.

परिणामी बल शून्य असले तरी वस्तूवर काहीच परिणाम होत नाही, असे मात्र नाही. दोन्ही बाजूंनी सारखाच दाबलेला स्पंज जागचा हलत नाही, पण चेपतो. गोल चक्राच्या समोरासमोरच्या कडांवर स्पर्शरेषेच्या दिशेत समान व विरुद्ध बले लावली, तर चक्राचा मध्य जागीच राहतो, पण चक्र फिरू लागते. अशा जोडीला बलयुग्म म्हणतात. म्हणून दृढ, म्हणजे आकार न बदलणारी, वस्तू पूर्ण समतोलात राहण्यासाठी बलांच्या बेरजेबरोबर त्यांच्या परिबलांची, म्हणजे वस्तू फिरवण्याच्या परिणामांची, बेरीजही शून्य असावी लागते.