कॉर्टेन आणि गंजवलेले साधे लोखंड: शिल्प करून घेण्याआधी

बंगल्याच्या अंगणात, रुग्णालयाच्या प्रवेशद्वाराशी किंवा शोरूमच्या दर्शनी भागात धातूचे अमूर्त शिल्प करून घ्यायचे ठरले की दरपत्रकात ‘रस्ट फिनिश’ असे दोन शब्द येतात. ग्राहक ते वाचून कॉर्टेन, म्हणजे स्वतःच्या गंजाच्या थराने स्वतःला जपणारे खास पोलाद, मिळणार असे समजतो, कारागीर साधे लोखंड आम्ल मारून गंजवून देतो, आणि दोघांनाही आपण एकाच वस्तूबद्दल बोलत होतो असे वाटत राहते. छत्रपती संभाजीनगरपासून लातूरपर्यंत हा घोळ इतक्या वेळा पाहिला आहे की तो एकदा नीट सोडवून सांगणे आवश्यक वाटते.

साध्या लोखंडाचा गंज मराठवाड्यात कोणाला समजावून सांगायला नको. कूलरच्या पत्र्याच्या टाकीचा तळ चार उन्हाळ्यांत कसा पापुद्रे धरतो आणि पाचव्या उन्हाळ्यात कसा गळू लागतो, हे प्रत्येक घराने पाहिलेले असते. पण वरवर पाहता कॉर्टेन आणि साधे लोखंड ओळखू येत नाहीत: दोन्ही धातूंचे वजन जवळपास सारखेच असते, चुंबक दोन्हींना चिकटते, लेसरने वा प्लाझ्माने दोन्ही सारखेच कापले जातात आणि सुरुवातीचा नारिंगी रंगही सारखाच दिसतो. त्यामुळे या गोष्टींवरून परीक्षा करण्यात वेळ घालवू नये.

खरा फरक गंज धातूला धरून राहतो की सुटून पडतो, एवढ्यात आहे. साध्या लोखंडाचा गंज सच्छिद्र असतो आणि मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून तो फुगतो, त्याची खपली निघते, खालचे कोरे लोखंड उघडे पडते आणि तेही गंजू लागते. अमेरिकेतील युनायटेड स्टेट्स स्टील या कंपनीने १९३३ साली बाजारात आणलेल्या कॉर्टेनमध्ये मात्र साधारण पाव ते अर्धा टक्का तांबे आणि त्याच्या जोडीला थोडे क्रोमियम, तर काही प्रतींमध्ये निकेल आणि फॉस्फरसही असते. या अल्प मिश्रणामुळे गंजाचा आतला थर दाट बसतो, धातूला घट्ट चिकटतो आणि ओलावा व प्राणवायू यांची वाट बरीच अडवतो. शिकागोच्या डेली प्लाझामध्ये १९६७ साली उभारलेले पिकासोचे सुमारे १५ मीटर उंचीचे शिल्प याच पोलादाचे असून ते आजही उघड्यावर उभे आहे.

‘कॉर्टेन गंजतच नाही’ हे विधान मात्र साफ चुकीचे आहे आणि ते विक्रेत्याच्या तोंडून ऐकले की मला राग येतो. कॉर्टेन गंजते, फक्त योग्य परिस्थितीत त्याच्या गंजण्याचा वेग फार मंदावतो. ती परिस्थिती म्हणजे भिजणे आणि त्यानंतर पूर्ण वाळणे, हे पुन्हा पुन्हा घडणे. आपली कोरडी हवा आणि समुद्रापासूनचे अंतर या पोलादाला मानवणारे आहे, पण शिल्पाची घडण चुकली तर हवेचा उपयोग होत नाही. अमूर्त रचनेत पत्रे एकमेकांवर दुमडलेले, तिरके, पोकळ असतात. अशा एखाद्या कोनाड्यात पावसाचे पाणी साचले, किंवा पाया थेट काळ्या मातीत रोवला आणि ती माती पोळ्यापर्यंत ओलीच राहिली, तर तेथे रक्षक थर तयारच होत नाही आणि महागडे कॉर्टेन साध्या लोखंडासारखे खचू लागते. म्हणून प्रत्येक खोलगट जागेला पाणी निघून जाण्यासाठी भोक असावे आणि शिल्प जमिनीपासून वर उचललेल्या ओट्यावर असावे. कारंज्याच्या हौदात कॉर्टेन उभे करण्याला माझा ठाम विरोध आहे. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचा हिरवळीवरचा फवारा रोज शिल्पावर पडत असेल, तर तोही वळवून घ्यावा.

सुरुवातीच्या पावसाळ्यांत शिल्पावरून तांबूस पाणी ओघळते आणि शहाबादी फरशीवर पडलेले त्याचे डाग सहज जात नाहीत. त्यामुळे खाली काळ्या दगडाची खडी पसरणे उत्तम. फेब्रुवारीत शिल्प बसवून एप्रिलमध्ये ‘रंग अजून गडद का झाला नाही’ अशी तक्रार करू नये. कोरड्या महिन्यांत फारसे काही घडत नाही, मृगापासून बदल दिसू लागतो.

घराच्या आत हे सगळे गणित उलटते. दिवाणखान्यात किंवा हॉटेलच्या लॉबीत पाऊस नाही, म्हणजे थर आपोआप पक्का होण्याची सोयही नाही. तेथे कॉर्टेन घेतले तरी ते आधी गंजवून वर पारदर्शक लॅकर (वार्निशसारखा लेप) द्यावेच लागते, नाही तर हाताला आणि कपड्यांना गंज लागतो. मग साधे लोखंड गंजवून, सैल भुकटी घासून काढून, त्यावर लॅकर दिलेले काय वाईट? आतल्या शिल्पासाठी मी तेच करायला सांगतो आणि कॉर्टेनचे जादा पैसे वाचवायला सांगतो. बाहेर मात्र लॅकर दिलेल्या साध्या लोखंडावर विसंबू नये. आपल्या उन्हात लॅकर तडकतो, त्याच्या कडेने ओल आत शिरते आणि झाकलेल्या भागाखाली गंज पसरत जातो.

मीठ आणि आम्ल मारून एका रात्रीत शिल्प नारिंगी करून देण्याची पद्धत कॉर्टेनवर मुळीच वापरू देऊ नये, कारण मिठातील क्लोराइड रक्षक थर नीट बसू देत नाही. भट्टीची काळसर साल ब्लास्टिंगने, म्हणजे बारीक कणांचा जोरदार मारा करून, काढून घ्यावी आणि नंतर साधे पाणी मारून वाळू देण्याचा क्रम काही आठवडे चालवावा. वेल्डिंगचा निदान शेवटचा थर कॉर्टेनला जुळणाऱ्या रॉडचा असावा. साध्या रॉडची शिवण वेगळ्या रंगाची दिसते आणि आधी झिजते. जालन्याच्या मिलमधून प्रामुख्याने बांधकामाची सळई निघते, तेव्हा ‘पत्रा जालन्याहून आणला’ एवढ्या उत्तरावर थांबू नये. पत्र्याबरोबर कारखान्याचे चाचणी प्रमाणपत्र मागावे, त्यात तांब्याचा आणि क्रोमियमचा आकडा पाहावा, प्रमाणपत्रावरचा हीट नंबर (पोलादाच्या त्या ओतीचा क्रमांक) पत्र्यावरच्या नंबराशी जुळवावा, आणि हे सगळे पत्रा कापण्यापूर्वी करावे, कारण कापल्यावर तो नंबर भंगारात गेलेल्या तुकड्यावर राहून जाण्याची शक्यता असते.