साथरोगतज्ज्ञाचा एच-इंडेक्स: ही मोजणी आली कुठून?

‘अव्वल दोन टक्के’ शास्त्रज्ञांची यादी जाहीर झाली की दरवर्षी अभिनंदनाच्या बातम्या येतात, आणि गोवाही त्याला अपवाद नाही. बांबोळीच्या गोमेकॉतला, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयातला, डॉक्टर असो की ताळगाव पठारावरच्या विद्यापीठातला प्राध्यापक, किती निबंध लिहिले आणि ते इतरांनी किती वेळा संदर्भाला घेतले, एवढ्यावर त्याची ओळख करून दिली जाते. ही यादी करणाऱ्या चमूचे प्रमुख, स्टॅनफर्डचे जॉन आयोनिडिस, स्वतः साथरोगशास्त्राचे प्राध्यापक आहेत.

संदर्भ मोजण्याची मूळ कल्पना मात्र वकिलांच्या धंद्यातली. अमेरिकेत फ्रँक शेपर्ड यांनी 1873 साली निवाड्यांची एक सूची सुरू केली. जुना निवाडा अजून उभा आहे की पुढच्या कोर्टाने मोडीत काढला, हे वकिलाला चटकन कळावं एवढाच तिचा हेतू. युजीन गारफील्ड यांनी 1955 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात तीच युक्ती विज्ञानासाठी सुचवली. खोट्या किंवा कालबाह्य माहितीचा डोळे मिटून संदर्भ देणं थांबावं, हा त्यांचा एक स्पष्ट उद्देश होता. 1964 मध्ये त्यांची विज्ञान संदर्भसूची बाजारात आली. ग्रंथालयात निबंध शोधायचं हे साधन माणसं जोखायला वापरलं जाऊ लागलं ते नंतर.

पुढचा टप्पा 2004-05 चा. निबंध आणि त्यांचे संदर्भ शोधून देणारे गूगल स्कॉलर आणि स्कोपस 2004 मध्ये सुरू झाले, आणि पुढच्याच वर्षी जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने एच-इंडेक्स मांडला. हिशेब सोपा आहे: ज्याच्या आठ निबंधांना प्रत्येकी किमान आठ संदर्भ मिळाले, पण नऊ निबंधांना प्रत्येकी नऊ मिळाले नाहीत, त्याचा एच-इंडेक्स आठ. बाकीचे तीस निबंध कुणी वाचलेच नसले तरी फरक पडत नाही. आपल्याकडे यूजीसीच्या 2018 च्या नियमांत तर निबंधाचे गुण नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवर, म्हणजे त्यातल्या निबंधांना सरासरी किती संदर्भ मिळतात त्या आकड्यावर, बेतलेले आहेत: तो एकाहून कमी असेल तर 10, दहाहून जास्त असेल तर 30. म्हणजे गुण निबंधाला, पण परीक्षा नियतकालिकाची.

साथरोगशास्त्रात या आकड्यांचं वागणं आणखी चमत्कारिक, कारण ते साथीबरोबर हलतात. उत्तम उदाहरण मुंबईचं आहे. डिसेंबर 1905 ते जुलै 1906 या काळात मुंबईत प्लेगने दर आठवड्याला किती माणसं गेली, त्याचे आकडे घेऊन केरमॅक आणि मॅकेन्ड्रिक यांनी 1927 मध्ये आपलं समीकरण ताडून पाहिलं. मॅकेन्ड्रिक हे भारतीय वैद्यकीय सेवेत वर्षं काढलेले डॉक्टर, तर केरमॅक यांची दृष्टी प्रयोगशाळेतल्या अपघातात गेलेली. साथ कशी चढते, सगळ्यांना लागण होण्याआधीच कशी ओसरते, हे त्या निबंधात होतं. तरी कित्येक वर्षं त्याकडे फारसं कुणी वळलं नाही. 1970 च्या दशकाअखेर अँडरसन आणि मे या संशोधकांनी तो विचार पुन्हा पुढे आणला, आणि कोविडच्या काळात तर त्याच्या संदर्भांना पूर आला. 1927 सालच्या बढती समितीने एच-इंडेक्स पाहिला असता तर या दोघांच्या पदरात काय पडलं असतं?

उलट बाजूही आहे. गोवर-गालगुंड-रुबेला (एमएमआर) लशीचा संबंध स्वमग्नतेशी जोडणारा 1998 चा वेकफील्ड यांचा निबंध अवघ्या बारा मुलांवरचा. ‘लॅन्सेट’ने तो 2010 मध्ये मागे घेतला. त्याला संदर्भ मात्र भरघोस, बहुतेक खोडून काढण्यासाठी दिलेले. मोजणीला दाद आणि फिर्याद सारखीच.

गोव्याला या हिशेबाची झळ जुनी आहे, असं गमतीने म्हणता येईल. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्यांनी पटकीच्या रोग्याचं वर्णन केलं ते गोव्यातच 1563 मध्ये छापलेल्या पोर्तुगीज ग्रंथात. युरोपभर वाचला गेला तो वनस्पतिशास्त्रज्ञ क्लूसियस यांनी 1567 मध्ये केलेला लॅटिन संक्षेप. आजही आढावा घेणारा निबंध मूळ पाहणीपेक्षा सहसा जास्त संदर्भ खातो.

जवळचं उदाहरण गोव्यातल्याच सत्तरी तालुक्याचं. 1957 मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात सापडलेला माकडताप 2015 मध्ये सत्तरी तालुक्यात पोचला. गोचीड चावून तो माणसाला होतो, आणि त्याचा हंगाम नेमका काजूचा. बोंडू झाडावरून गळतात, पालापाचोळ्यात पडतात, आणि वेचणारी बाई वाकून हात घालते तो त्याच पाल्यात. काजू कामगारांना होणाऱ्या या लागणीवर 2017 मध्ये एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात निबंध आला. मेलेलं माकड दिसलं की आरोग्य केंद्राला कळवा, जंगलात जाताना अंगाला गोचीडरोधक तेल लावा, ही गावोगावची सूचना अशाच पाहण्यांवर उभी असते.

पण त्या निबंधाला संदर्भ देणार कोण? हा रोग सह्याद्रीच्या पट्ट्यापुरता: कर्नाटक, केरळ, तामिळनाडू, गोवा आणि शेजारचं दोडामार्ग-सावंतवाडी. विषाणू हाताळायला कडेकोट प्रयोगशाळा लागते, त्या देशात मोजक्या. म्हणजे त्यावर लिहिणारेच थोडे. डेंग्यूचं तसं नाही. तो शंभराहून जास्त देशांत आहे, तेवढेच त्याचे संशोधक आणि तेवढेच संदर्भ. माकडतापावर वीस वर्षं घालवलेला आणि डेंग्यूवर तेवढीच घालवलेला, असे दोघे एकाच जागेसाठी समोर बसले आणि समितीने फक्त एच-इंडेक्सचा रकाना पाहिला, तर निवड मुलाखतीआधीच झालेली असते.