बेडीतला देव

1976 साली डन्जन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून खेळायच्या कल्पनारम्य भूमिका-खेळाची चौथी पुरवणी निघाली आणि या खेळातल्या देवांना आकडे चिकटले. 'गॉड्स, डेमी-गॉड्स अँड हीरोज' हे तिचं नाव, लेखक रॉबर्ट कुन्ट्झ आणि जेम्स वॉर्ड. निरनिराळ्या पुराणांतली दैवतं तिच्यात हिट पॉइंट्ससकट, म्हणजे किती घाव सोसल्यावर मरायचं त्या आकड्यासकट, मांडली होती. संपादक टिम कास्क यांनी हेतू प्रस्तावनेतच सांगून टाकला होता. खेळाडूंवर खजिना उधळून त्यांची पात्रं भलत्याच उंचीवर नेऊन ठेवणाऱ्या डन्जन मास्टरांना, म्हणजे खेळ चालवणाऱ्यांना, भानावर आणायचं होतं. खुद्द नॉर्स देवाधिपती ओडिनलाच 300 हिट पॉइंट्स असतील तर 44 व्या लेव्हलच्या सरदाराला कोण किंमत देणार, असा त्यांचा सवाल होता.

झालं उलटंच. ज्याला आकडा आहे तो शून्यावर आणता येतो, एवढं खेळाडूंना पक्कं कळतं. 1980 च्या 'डेइटीज अँड डेमीगॉड्स'मध्ये ओडिन 400 वर गेला, पण 400 हाही आकडाच. कित्येक टेबलांवर ते पुस्तक शिकारीच्या यादीसारखं वापरलं गेलं. आज झ्यूस, पुढच्या आठवड्यात थॉर.

दुष्ट देवाला बेड्या घालून कुठेतरी कोंडून ठेवायचं, ही कल्पना या खेळात इतकी खोल का रुजली याचं उत्तर मला इथे दिसतं. जो समोर येतच नाही त्याच्यावर तलवार चालवता येत नाही. त्याला डांबल्यावरच त्याची खरी भीती वाटू लागली.

कल्पना म्हणून ती फार जुनी. नॉर्स कथांत लोकीला पोटच्या मुलाच्या आतड्यांनी खडकाला बांधलं आहे. डोक्यावरच्या सापाचं विष तोंडावर पडलं की तो अंग झटकतो आणि भूकंप होतो. ग्रीकांचा टायफॉन एटना पर्वताखाली गाडलेला आहे, ज्वालामुखी हा त्याचाच फूत्कार. इराणी परंपरेत खांद्यांवर साप उगवलेल्या जुलमी झह्हाकला फेरीदूननं दमावंद पर्वतात साखळ्यांनी जखडलं. या कैद्यांचा बाहेरच्या जगावर परिणाम होतो तो जमीन हादरण्याचा, डोंगर धुमसण्याचा. त्यांना पुरोहित लागत नाहीत, पंथ लागत नाही. माणसाच्या मनाशी त्यांचं फारसं देणंघेणं नाही.

ते जोडलं एच. पी. लव्हक्राफ्ट यांनी. 1928 मध्ये 'विअर्ड टेल्स' मासिकात आलेल्या त्यांच्या कथेत कथुलू हा समुद्राच्या तळाशी बुडालेल्या र्‍ल्येह नगरीत निपचित पडून आहे. हात हलवता येत नसला तरी त्याची स्वप्नं पाण्यातून वर झिरपतात. संवेदनशील कलावंतांना रात्री-अपरात्री दचकून जाग येते, आणि एकमेकांना कधी न भेटलेले लोक दूरदूरच्या प्रदेशांत एकच मंत्र पुटपुटत राहतात. डन्जन्स अँड ड्रॅगन्सचे एक जनक गॅरी गायगॅक्स यांनी 1979 च्या 'डन्जन मास्टर्स गाइड'ला आपल्या वाचनाची जी प्रसिद्ध यादी जोडली, तिच्यात सर्वांत थेट प्रभाव टाकणाऱ्या मोजक्या लेखकांत लव्हक्राफ्ट आहेत. 'डेइटीज अँड डेमीगॉड्स'च्या पहिल्या छपायांत कथुलूचं स्वतंत्र प्रकरणच होतं, पुढे ते काढून टाकण्यात आलं.

मग 1982 आलं आणि थारिझडून अवतरला.

'द फरगॉटन टेम्पल ऑफ थारिझडून' ही गायगॅक्स यांची छोटेखानी साहसपुस्तिका मला आजही त्यांच्या सर्वोत्तम कामांपैकी एक वाटते. ग्रेहॉक या त्यांच्या काल्पनिक जगातल्या यातिल पर्वतरांगेत एक ओसाड मंदिर आहे. सुरुवातीची लढाई नेहमीसारखीच, बाहेर नॉर्कर जातीचे राक्षसी प्राणी आणि त्यांचे साथीदार तळ ठोकून आहेत. पण आत जाल तसा सूर बदलत जातो. या मंदिरात देव नाही. तो विश्वाबाहेर कुठेतरी कोंडलेला आहे आणि त्याला भजणारे केव्हाच मरून गेले आहेत. मागे उरलं आहे ते पूजेचं साहित्य आणि हरवलेल्या देवासाठी लिहिलेला एक विलापग्रंथ. तळाशी एक काळं, पोकळ दालन आहे. तिथपर्यंत पोहोचायचं तर खेळाडूंना तेच साहित्य हाती घेऊन जुने विधी थोडेथोडे स्वतः करून पाहावे लागतात. प्रत्येक पायरीला वेड लागण्याचा धोका असतो.

तिथल्या कुतूहलाची गंमत अशी की खजिन्याच्या ओढीनं आत शिरलेले साहसवीर हेच त्या देवाचे कित्येक वर्षांतले पहिले उपासक ठरतात. त्यांना कोणी फसवलेलं नसतं, कोणी जबरदस्ती केलेली नसते. मी ही पुस्तिका दोनदा चालवली आहे. दोन्ही वेळा धूप पेटवायचा प्रस्ताव आला तो टेबलावरच्या सर्वांत सावध खेळाडूकडून. 'बघू तर काय होतं' एवढ्या चार शब्दांवर मंदिर पुन्हा जागं होतं. कैदेतल्या देवाची ताकद किती, हे मोजायचं माप मला तिथे सापडलं. त्याच्या वतीनं दुसरे किती हात हलतात, यावर ती ठरते.

1983 च्या ग्रेहॉक संचात थारिझडूनच्या नावापुढे अधिकारक्षेत्रं नोंदवली गेली ती अशी : शाश्वत अंधार, क्षय, विघटन, घातक ज्ञान, वेड आणि थंडी. यात राज्य करण्याची भाषा कुठेच नाही. इतर दुष्ट देवांना जग हवं असतं, गुलाम हवे असतात, खंडणी हवी असते. याला काहीच उरायला नको आहे. म्हणूनच त्याला कोंडण्यासाठी एरवी एकमेकांचे वैरी असलेले देवही एकत्र आले, असं त्याच्याभोवतीची कथा सांगते. या तपशिलानं पुढच्या चाळीस वर्षांचा साचा घालून दिला. तुरुंग बांधताना बऱ्या-वाईटांचं संगनमत झालेलं असतं, आणि त्या संगनमताला तडा गेला की तुरुंगालाही जातो.

त्याच गायगॅक्स यांनी फ्रँक मेंट्झर यांच्यासोबत 1985 मध्ये 'द टेम्पल ऑफ एलिमेंटल ईव्हिल' पूर्ण केलं. तिथे बंदी आहे बुरशीची राक्षसराणी झुग्टमॉय. युद्धात तिचा पराभव झाला आणि विजेत्यांनी तिला तिच्याच मंदिराखाली मंतरलेल्या दारांआड बंद केलं. वर मात्र मंदिरात पुन्हा हालचाल सुरू आहे : अग्नी, जल, वायू आणि पृथ्वी यांचे चार गट एकमेकांच्या उरावर बसले आहेत. थारिझडूनच्या तुलनेत झुग्टमॉय मला फिकी वाटते, कारण ती शेवटी सापडते. दार उघडता येतं, आतल्या प्राण्याला आकडे आहेत. पुन्हा तेच.

गायगॅक्स यांनी स्वतः थारिझडूनला एकदा मोकळं केलं. 1985 मध्ये डन्जन्स अँड ड्रॅगन्स काढणाऱ्या टीएसआर या कंपनीवरचा त्यांचा ताबा गेला, ग्रेहॉकचे हक्क कंपनीकडे राहिले. गॉर्ड या त्यांच्या नायकाच्या कादंबऱ्या मात्र त्यांना पुढे लिहिता आल्या. त्या मालिकेत कैद्याला सोडवण्याची किल्ली तीन तुकड्यांत विभागलेली आहे, आणि ते तुकडे मिळवण्यासाठी सगळ्या दुष्ट शक्ती आपसांत झुंजतात. 1988 च्या शेवटच्या पुस्तकात थारिझडून सुटतो आणि ओअर्थ, म्हणजे ग्रेहॉकचं अख्खं जग, नष्ट होतं. ज्यानं जग घडवलं त्यानंच आपली प्रत मिटवून टाकली आणि त्यासाठी हाच देव वापरला. ते वाचताना मला आजही गलबलून येतं.

डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या बाहेर ही वाट वेगळ्या दिशेनं चालली होती. ग्रेग स्टॅफर्ड यांच्या ग्लोरान्था या जगात, ज्यावर 1978 चा रूनक्वेस्ट हा खेळ उभा आहे, वकबॉथ नावाचा सैतान प्रॅक्सच्या माळरानावर एका प्रचंड शिळेखाली चिरडून पडला आहे. वादळवृषभाशी त्याची झुंज चालू असताना ती शिळा त्याच्यावर कोसळली. ती आजही तिथेच आहे, नकाशावर बोट ठेवून दाखवता येते, आणि शेजारीच सैतानाच्या नावाची दलदल पसरलेली आहे. वादळवृषभाचे भक्त पिढ्यानुपिढ्या शिळेवर पहारा देतात. स्टॅफर्ड यांचा कैदी विश्वाबाहेर नाही, शेजारी आहे. त्याच्याशेजारी गुरं चरतात, माणसं जन्मतात आणि मरतात. भीतीचा हा प्रकार मला जास्त खरा वाटतो.

1981 मध्ये सँडी पीटरसन यांचा 'कॉल ऑफ कथुलू' हा खेळ आला आणि प्रभावाला नियम मिळाला. त्यात हिट पॉइंट्ससोबत मन ठिकाणावर असण्याचेही गुण असतात आणि ते घटत जातात. कथुलू प्रत्यक्ष दिसला तर एका फटक्यात शंभरपर्यंत गुण जाऊ शकतात. शिवाय तो दर फेरीला एक ते तीन पात्रं उचलून नेतो, या नियमाची चर्चा आजही होते. पण खेळाचं खरं यश लहान नुकसानात आहे. एक जुनं पुस्तक वाचलं, दोन गुण गेले. एक शिल्प पाहिलं, एक गुण गेला. देव झोपेतच असतो आणि पात्र आतून पोखरत जातं.

डन्जन्स अँड ड्रॅगन्समध्ये मात्र एक गाठ बरीच वर्षं तशीच राहिली होती. या खेळात पुरोहिताला मंत्र देव पुरवतो. मग देव कुलूपबंद असेल तर मंत्र येतात कुठून? याची उत्तरं वेगवेगळ्या काळात वेगवेगळी निघाली. सर्वांत धूर्त उत्तर माँटी कुक यांच्या 2001 च्या 'रिटर्न टू द टेम्पल ऑफ एलिमेंटल ईव्हिल'मध्ये आहे : देव नाव बदलून येतो. 1978 पासून गायगॅक्स यांच्या साहसांत डोकावणारं 'एल्डर एलिमेंटल गॉड' हे गूढ दैवत इथे 'एल्डर एलिमेंटल आय', म्हणजे डोळा, या नावानं येतं, आणि ते थारिझडूनच असल्याचं उघड होतं. चारही तत्त्वांचे उपासक आपापल्या तत्त्वाची सेवा करत असल्याच्या समजुतीत जगतात. आपण कोणासाठी रक्त सांडतोय हे त्यांच्यातल्या बहुतेकांना माहीतच नसतं. 2015 मध्ये हाच डोळा 'प्रिन्सेस ऑफ द अपॉकलिप्स'मधून दुसऱ्या जगात, फरगॉटन रेल्म्समध्ये पोहोचला.

दुसरं उत्तर वॉरलॉक या, एखाद्या आश्रयदात्याकडून शक्ती घेणाऱ्या जादूगाराच्या पात्रप्रकारातून आलं. 2014 च्या 'प्लेयर्स हँडबुक'मध्ये 'ग्रेट ओल्ड वन' या आश्रयदात्याबद्दल म्हटलं आहे की त्याला तुमच्या अस्तित्वाची खबरही नसेल. तुम्ही जी गुपितं शिकलात त्यांच्या जोरावर तुम्ही त्याच्यातून शक्ती ओढून घेता. म्हणजे कैद्यानं काही द्यायचीही गरज नाही. भिंतीला तोंड लावून पिणारा बाहेर उभा असला की पुरे. 2016 च्या 'कर्स ऑफ स्ट्राड'मधल्या अंबर टेम्पलमध्ये हे अगदी स्पर्शापर्यंत येतं. अंबराच्या शवपेट्यांत दुष्ट शक्तींचे अवशेष कोंडलेले आहेत, हात लावला की ते देणगी देऊ करतात, आणि प्रत्येक देणगी घेणाऱ्याचं काहीतरी बिघडवून जाते. कित्येक खेळाडू ते कळूनही हात लावतात.

2008 च्या चौथ्या आवृत्तीनं थारिझडूनला 'चेन्ड गॉड' म्हणून थेट विश्वोत्पत्तीत नेऊन बसवलं. त्यानं दुष्टतेचं बीज आदितत्त्वांच्या गोंधळात पेरलं, त्यातून अ‍ॅबिस हे राक्षसांचं विवर तयार झालं, आणि म्हणून इतर देवांनी त्याला जखडलं. कथा म्हणून हे व्यवस्थित बसतं, पण माझं मन त्यात रमत नाही. गायगॅक्स यांच्या ओसाड मंदिरात जे अनाम होतं, त्याला इथे वंशावळ मिळाली.

पाथफाइंडर या दुसऱ्या भूमिका-खेळाच्या गोलॅरियन जगातला रोव्हागग मात्र या परंपरेचा खरा वारस आहे. सगळं गिळू पाहणारा हा देव पृथ्वीच्या पोटात कोंडलेला आहे. त्याला तिथे टाकलं सूर्यदेवी सॅरेनरेनं, आणि किल्ली आहे नरकाचा अधिपती अ‍ॅस्मोडियस याच्याकडे. जगाच्या रक्षणाची किल्ली सैतानाच्या कमरेला, हा करार कोणालाच आवडत नाही आणि कोणीच मोडू शकत नाही. पुढची घटना याहून बोलकी. गोरमुझ नगरीत रोव्हागगचा पंथ फोफावला तेव्हा संतापलेल्या सॅरेनरेनं नगरीवर तलवारीचा घाव घातला. नगरी गेली, पण जमीनही फाटली, आणि त्या खड्ड्यातून रोव्हागगची पिल्लं बाहेर पडू लागली. टॅरास्क त्यांतलंच एक. कैद्यानं बोटही न हलवता पहारेकरणीकडून भिंत फोडून घेतली.

क्रिटिकल रोल या थेट खेळल्या जाणाऱ्या मालिकेत मॅथ्यू मर्सर यांनी थारिझडूनला 'चेन्ड ऑब्लिव्हियन' या नावानं आपल्या जगात आणलं. 2018 मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या मोहिमेत तो 'एंजल ऑफ आयर्न्स' असा मुखवटा घालून आपल्या सेवकालाच फसवतो. नाव बदलून येण्याची ती जुनीच युक्ती, पण हजारो प्रेक्षक बघत असताना.

2021 मध्ये सुरू झालेल्या तिसऱ्या मोहिमेत प्रश्नच उलटा फिरला. तिथे रुइडस या तांबड्या चंद्रात प्रेडेथॉस बंद आहे, आणि तो देवांना खातो. माणसांना त्याच्यापासून थेट किती धोका आहे, हेच पात्रांना नीट कळत नाही. घाबरलेले आहेत ते देव. पहारा माणसांच्या भल्यासाठी की पहारेकऱ्यांच्या, यावर ती पात्रं एकमेकांशी तासन्‌तास भांडतात. चंद्रातला कैदी तोवर एक शब्दही बोललेला नसतो.